एका तारेवर आठजणी

वळसंग
१४ सप्टेंबर

ती. महेश्वरमामा,
शरणु शरणार्थी.

धोंडीरामकाकांच्या टेम्पोतून भाजीबरोबर हे पत्र पाठवते आहे. काका रोज पहाटे सोलापूरच्या मार्केटला येतात आणि परत जाताना तुमच्या गल्लीवरूनच जातात. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाईलवर वाचलं की डोळे दुखतात, आणि मला जे विचारायचं आहे त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी काम अडतं. म्हणून कागदच बरा.

बातमी अशी, की देवळाशेजारचा हॉल आम्हाला मुलींच्या अभ्यासिकेसाठी मिळाला आहे! एका संस्थेने जुने म्हणून काढलेले नऊ कॉम्प्युटर मी मागून आणले, सगळ्यांवर लिनक्स टाकलं, आणि नऊच्या नऊ चालू झाले. आता सगळ्या भरतीच्या परीक्षा कॉम्प्युटरवर होतात. इथल्या आठ मुली तयारी करतात, पुस्तकं पाठ आहेत, पण माउस हातात आला की कुठे दाबायचं ते कळत नाही. अपेक्षा गेल्या वर्षी पेपरात सतरा मिनिटं पुढच्या प्रश्नावर कसं जायचं तेच शोधत बसली होती. इंटरनेटवर सरावाचे पेपर आहेत. ते यांनी रोज सोडवले, तर आमच्या घरी मी पहिली पदवीधर झाले तशा या आपापल्या घरच्या पहिल्या नोकरीवाल्या होतील. हसू नका, मला खरंच तसं वाटतं.

हॉलच्या कमिटीचे चेअरमन कल्लप्पाअण्णा यांनी अट घातली आहे. "दिवाळीपर्यंत बघू. चाललं तर हॉल तुमचा. नाही चाललं तर सोसायटीची खताची पोती ठेवू. पोती भांडत नाहीत."

अडचण एकच. गावात केबलचं इंटरनेट देणारा अमृत म्हणून एक मुलगा आहे, त्याने हॉलमध्ये एक तार आणून दिली. त्या तारेवर एकच कॉम्प्युटर चालतो. मला आठ चालवायचे आहेत. राउटर आणता येईल, पण त्याचं वायफाय भिंतीबाहेर जातं. मग हॉलच्या कट्ट्यावर गावातली पोरं मोबाईल घेऊन बसतील आणि मुलींचे वडील दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बसवतील. म्हणून नववा कॉम्प्युटर मध्ये ठेवून, त्यात दोन नेटवर्क कार्डं घालून, त्याच्याकडून बाकी आठांना इंटरनेट द्यावं असं मनात आहे. तुम्ही टेलिफोन खात्यात शेवटची दहा वर्षं हेच केलंत ना? सांगाल का?

तुमची
दानेश्वरी


सोलापूर
१७ सप्टेंबर

चि. दानू,

तुझं पत्र मेथीच्या जुडीत गुंडाळून आलं. ओलं झालं होतं, पण वाचता आलं. मेथी चांगली होती.

राउटरचं वायफाय बंद करता येतं, हे कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या मुलीला माहीत नसेल असं मला वाटत नाही. म्हणजे तुला स्वतःच्या हातांनी करून बघायचं आहे. मग तसं सरळ लिहावं. मीही तुझ्या वयात तसाच होतो, फक्त कमी लिहायचो.

माझ्या जुन्या सामानाच्या डब्यातली दोन नेटवर्क कार्डं धोंडीरामकडे देतो आहे. दिसायला जुळी आहेत. एक बाहेरचं समज, एक आतलं. मोठ्या ऑफिसात टेलिफोनचा बोर्ड असायचा तसंच हे. बाहेर एकच लाइन, आत पन्नास टेबलं. बाहेरच्या जगाला एकच नंबर दिसतो, आतला निरोप कुणाचा ते बोर्डावरच्या बाईला माहीत. तुझा नववा कॉम्प्युटर म्हणजे ती बाई.

अमृतची तार बाहेरच्या कार्डात. त्याची लाइन जो नंबर देईल तो त्याने मुकाट्याने घ्यायचा. आतल्या कार्डाला नंबर तू दे. सुरुवात 192.168, तिसरा आकडा तुझ्या आवडीचा, शेवटी एक. आतल्या कार्डातून निघालेली तार स्विचमध्ये, म्हणजे एका तारेच्या अनेक करणाऱ्या डबीत, आणि स्विचमधून आठ तारा आठ कॉम्प्युटरना. मग एका कार्डाकडून आलेलं दुसऱ्याकडे जाऊ द्यायची परवानगी चालू करायची. ती मुळात बंद असते आणि ती बंद आहे हे लोक विसरतात. त्यानंतर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर नवव्याने स्वतःचं नाव घालायचं आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवायचं. शेवटचं काम नंबर वाटण्याचं. आठ कॉम्प्युटर चालू झाले की "मला नंबर द्या" असं ओरडतात, त्यांना नववा नंबर देतो. हे वाटप फक्त आतल्या कार्डावर ठेव. बाहेरच्या तारेवर आपला नंबर चुकूनही जाता कामा नये.

कमांड वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिल्या आहेत. आणि दोन्ही तारांना चिठ्ठ्या लाव: बाहेर, आत.

तुझा मामा


वळसंग
२९ सप्टेंबर

ती. मामा,

चाललं! चाललं! चाललं!

तीन वेळा लिहिलं कारण तीन वेळा चालू झालं. पहिल्यांदा चालू झालं आणि दुपारी लाइट गेली. लाइट आल्यावर नवव्याला इंटरनेट, बाकी आठ ठप्प. मी तुमचा कागद घेऊन पुन्हा सगळं केलं, पुन्हा चाललं, पुन्हा लाइट गेली, पुन्हा ठप्प. मग डोक्यात आलं, की ती परवानगी मी तोंडी दिली होती, लिहून दिली नव्हती. मशीन बंद झाली की तोंडी सांगितलेलं विसरते. फाइलमध्ये net.ipv4.ip_forward=1 अशी एक ओळ लिहिली आणि तेव्हापासून लाइट जाऊ दे नाहीतर येऊ दे.

तिसरा आकडा मी एकसष्ट ठेवला आहे. बी.सी.ए.ला माझा रोल नंबर एकसष्ट होता. तुम्ही म्हणाल काय पोरकटपणा, पण पडद्यावर तो आकडा आठ वेळा दिसला तेव्हा मला फार बरं वाटलं.

अप्पा बघायला आले होते. गिरणी बंद करून, डोक्याला पीठ तसंच. दारात चपला काढल्या. "दानव्वा, ह्यातलं तुजं यंत्र कुटलं?" मी नववा दाखवला. त्यांनी पेटीवर हात ठेवला. "गरम हाय की. गिरणीच्या मोटारीगत." जाताना अपेक्षाच्या वडिलांना म्हणाले, "आठी मशिनी त्या एकीवर चालत्यात. माझ्या पोरीनं केलंय." आजवर माझ्या समोर त्यांनी माझं कौतुक केलं नव्हतं. याही वेळी पाठ फिरवूनच केलं, पण मला ऐकू आलं.

चिठ्ठ्या अजून लावल्या नाहीत. दोनच तर तारा आहेत, मला पाठ आहेत.

तुमची
दानू


सोलापूर
३ ऑक्टोबर

चि. दानू,

लाइटचं कोडं तू स्वतः सोडवलंस, हे मला नेट चालू झाल्यापेक्षा जास्त आवडलं.

चिठ्ठ्या लाव.

मामा


वळसंग
१४ ऑक्टोबर

ती. मामा,

फार वाईट बातमी आहे. मला राग आला आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे.

खंडेनवमीच्या संध्याकाळपासून हॉलचं नेट बंद आहे. आमचंच नाही. अमृतच्या लाइनवर चाळीस घरं आहेत, ती सगळी बंद आहेत. गावातले टीव्हीही त्याच नेटवर चालतात; दसऱ्याच्या दिवशी काही दिसेना म्हणून म्हातारी बजाबाई आमच्या दारात येऊन बसली. "तिची सासू घरी आली का न्हाय, तेवडं तरी सांगा की कुणी!" मला आधी वाटलं तिच्या शेजारणीची गोष्ट आहे. ती मालिकेची निघाली.

अमृत तीन दिवस खांबावर चढतो आणि उतरतो आहे. एक नवीन पेटीसुद्धा आणून बसवली. काही उपयोग नाही.

आणि आता ऐका. काल मी बजाबाईच्या घरातली इंटरनेटची पेटी मोबाईलवरून उघडून बघितली. तिला मिळालेला नंबर होता 192.168.61.23. एकसष्ट, मामा! माझा एकसष्ट! आणखी दोन घरांत बघितलं, तिथेही एकसष्ट. अमृत मध्ये एकदा हॉलमध्ये लाइन तपासायला आला होता तेव्हा त्याने माझी मांडणी बघितली असणार. तीच गावाला लावायला गेला आणि जमली नाही. मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हणून जाब विचारला. म्हणाला, "ताई, मला तुमचा एकसष्ट कशाला पाहिजे? माझा नंबर दहाने सुरू होतो." केवढा निर्लज्जपणा!

मी कल्लप्पाअण्णांना सांगून आले आहे, की चूक अमृतची आहे आणि माझ्याकडे पुरावा आहे. अण्णांनी रविवारी गावाची बैठक लावली आहे. अमृतची मुख्य पेटी आमच्याच हॉलच्या छतावर आहे, ती काढून टाकायची असं चाललं आहे.

मुली रोज येतात आणि बंद पडद्यासमोर बसून पुस्तक वाचतात.

तुमची
दानेश्वरी


सोलापूर
१५ ऑक्टोबर

दानू,

धोंडीरामला दारात थांबवून हे लिहितो आहे. टेम्पो चालूच आहे.

अमृतला सोड. नंबर चोरीला जात नाही, तो वाटला जातो. बजाबाईच्या पेटीने "मला नंबर द्या" म्हणून ओरडलं आणि कुणीतरी तिला एकसष्टवाला दिला. गावात एकसष्ट वाटणारं यंत्र एकच आहे.

तुझ्या नवव्याच्या तारांची अदलाबदल झाली आहे. आतलं कार्ड अमृतच्या लाइनवर गेलं आहे आणि साऱ्या गावाला नंबर देत बसलं आहे. ज्याला तो नंबर मिळाला, तो इंटरनेट मागायला तुझ्या पेटीकडे येतो, आणि तुझ्या पेटीलाच इंटरनेट नाही.

सगळी घरं एकदम का बंद पडली तेही सांगतो. खंडेनवमीला लोकांनी टीव्ही, पेट्या, सगळं बंद करून पुसलं असेल, कुंकू लावलं असेल आणि संध्याकाळी चालू केलं असेल. चाळीस पेट्या एकदम ओरडल्या. तुझी पेटी जवळ होती, तिने आधी ओ दिली.

आता आठव. त्या दिवशी नवव्याला कुणी हात लावला?

मामा


वळसंग
१६ ऑक्टोबर

मामा,

अप्पांनी.

तुमचं पत्र वाचून मी हॉलमध्ये पळत गेले. नवव्याच्या पेटीवर विभूतीचे तीन पट्टे आहेत, वर शेवंतीचं वाळलेलं फूल. चार दिवस मी ते बघत होते आणि मला त्यात काहीच दिसलं नव्हतं, कारण खंडेनवमीला आमच्या घरी सगळ्याच यंत्रांवर ते असतं. तारा बदलल्या. दोन मिनिटं. आठही पडदे उघडले. मुली ओरडायला लागल्या आणि मी खुर्चीत बसून राहिले.

मग गिरणीत गेले. नुसतं विचारलं, "अप्पा, माझ्या यंत्राची पूजा तुम्ही केलीत?"

"व्हय की. तू पोरींना घेऊन देवळात गेलतीस. म्या म्हणलं, गिरणीची झाली, काट्याची झाली, पोरीच्या यंत्राची ऱ्हायली. धूळ लई हुती. गिरणीचा पट्टा काडून पुसतो, तशा तारा काडून पुसलं. परत जशाच्या तशा घातल्या." मग म्हणाले, "बरी झाली न्हवं पूजा?"

"छान झाली," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कुठली तार कुठे हे त्यांना कसं कळावं? चिठ्ठ्या मी लावल्या नव्हत्या. तुम्ही दोनदा लिहिलं होतं.

आता रविवारची बैठक आहे. मी अमृतला गावासमोर चोर म्हटलं आहे. खरं सांगितलं, तर ज्या अभ्यासिकेने गावाचं नेट बंद पाडलं तिला कोण हॉल देईल? खतालाच मिळेल. आणि अप्पांचं हसं होईल. नाही सांगितलं, तर अमृतची पेटी उतरवतील.

काय करू?

दानू


सोलापूर
१७ ऑक्टोबर

चि. दानू,

गप्प बस.

तुझ्या पेटीने दिलेले नंबर बारा तासांचे होते. हे पत्र तुला मिळेपर्यंत घरोघरचं नेट आपोआप सुरू झालेलं असेल. बैठकीत अमृतच सांगेल, की त्याने नवीन पेटी लावली म्हणून सुरू झालं, आणि त्याला तसं खरंच वाटत असेल. चाललंय म्हटल्यावर त्याची पेटी कुणी उतरवणार नाही. चार शिव्या खाईल. केबलवाल्याला त्यांची सवय असते.

मी छत्तीस वर्षं नोकरी केली. कितीतरी बिघाड आमच्या हातून झालेले होते आणि त्यांच्यापुढे आम्ही "लाइन आपोआप सुरू झाली" असं लिहून कागद मिटला. कुणाचं काही बिघडलं नाही. तुझ्या आठ मुलींसाठी सांगतो. दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे.

मामा


वळसंग
२१ ऑक्टोबर

ती. मामा,

मी तुमचं ऐकलं नाही. आधी ते सांगून टाकते, मग बाकीचं वाचा.

तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं. बैठकीच्या आधीच सगळीकडे नेट सुरू होतं. अमृत कोपऱ्यात उभा होता, खांबावर चढून त्याच्या हातांची सालं निघाली होती. कल्लप्पाअण्णा म्हणाले, "हॉलच्या छतावर ह्या पोराची पेटी ठेवायची का काढायची, तेवढंच बोला. सणाच्या दिवशी गावाला अंधारात बसवलंय ह्यानं." अमृत म्हणाला, "अण्णा, चुकलं असेल माझं. काय चुकलं ते मला अजून कळलं नाही, पण पुन्हा होणार नाही."

ते ऐकलं आणि मी उठले. मुली माझ्या मागे भिंतीशी उभ्या होत्या. मी तारा बदलल्या तेव्हा त्या आठही जणी तिथेच होत्या. मी गप्प बसले असते तर त्यांनाही गप्प बसावं लागलं असतं, आणि हे मी त्यांना शिकवायला हॉल मागितला नव्हता.

मी म्हणाले, "अण्णा, चूक अमृतची नाही. आमच्या अभ्यासिकेच्या पेटीने गावाला चुकीचे नंबर वाटले. तारा उलट्या लागल्या होत्या. मी चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. आणि मी त्याला चोर म्हणाले, ते मी सगळ्यांसमोर मागे घेते."

बजाबाई म्हणाली, "म्हंजे मला नंबर तू दिलास व्हय? म्या काय मागितला हुता?"

"मागितला होता, आज्जी. तुमच्या पेटीने."

"पेटी मागंल! तिला काय कळतंय? तू कशाला दिलास?"

लोक हसायला लागले. मला वाटलं एवढ्यावर सुटलं. तर मागून आवाज आला, "तारा तिनं न्हाय घातल्या उलट्या. म्या घातल्या."

अप्पा. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. मी "उलट्या तारा" म्हणाले तिथेच त्यांच्या लक्षात आलं. "पूजा केली खंडेनवमीला. काडल्या, पुसल्या, घातल्या. पोरगी मला वाचवाया लागली. तिला बोलू नका."

मग अण्णा म्हणाले, "गुरप्पा, गिरणीचा पट्टा बी असाच घालतोस का काय? तरीच माझ्या ज्वारीचं पीठ तसलं येतंय."

"पट्ट्याला दोष न्हाय, अण्णा. तुमची ज्वारीच किडकी असती."

मामा, एवढं हसलेलं गाव मी कधी बघितलं नव्हतं. अण्णासुद्धा हसले, पण लगेच गंभीर झाले. "ते झालं. आता हॉलचं बोला. चाललं तर तुमचं, अशी अट होती. ह्यांनी तर सगळ्यांचं बंद पाडलं."

तेव्हा अमृत पुढे आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "अण्णा, हिनं मला चोर म्हटलं ते मी काय लगेच विसरणार नाही. पण मी चार दिवस शोधलं आणि मला सापडलं नाही. हिनं सांगितलं नसतं तर जन्मात कळलं नसतं. उद्या परत लाइन गेली आणि मी सोलापुरात असलो तर? गावात बघणारं कुणी नको का? हॉल त्यांच्याकडेच राहू द्या."

अण्णांनी हात वर करायला सांगितले. स्वतः मोजत होते. बजाबाईने दोन्ही हात वर केले.

"आज्जी, एकच."

"एक माझा. एक माझ्या टीव्हीवरल्या शिरेलीचा."

तिचा एकच धरला तरी हात पुरेसे झाले. हॉल आमचाच, मामा. दिवाळीनंतरही. चावी अण्णांनी माझ्या हातात न देता अपेक्षाच्या हातात दिली, कारण ती पुढे उभी होती, आणि ती रडायला लागली.

तुम्ही आमच्या भल्यासाठीच गप्प बस म्हणालात हे मला कळतं. तुमचं ते पत्र मी अव्वाला, तुमच्या बहिणीला, दाखवलेलं नाही. अमृतने बाहेर आल्यावर मला एवढंच विचारलं, "चिठ्ठ्या लावल्या?" तारा उलट्या होत्या हे कळलं त्या संध्याकाळीच लावल्या होत्या.

आता आजचं. अपेक्षाने पहिल्यांदा पूर्ण सरावाचा पेपर दिला. वेळ लावून, माझी मदत न घेता, शंभर प्रश्न. एकतीस मार्क पडले. एकतीस बघून तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही उद्यापासून येणार नाही. अप्पा दारात उभे होते, दुपारचं जेवण झालं की ते हल्ली रोज येतात. त्यांनी विचारलं, "किती आलं?"

"एकतीस, काका," ती हळूच म्हणाली.

अप्पांनी मान हलवली. "जात्याचा दगड टाकीनं नव्यानं टोचला की पयलं दळण जाडंच येतंय. मशिनीला हात लावून तुला म्हैना झाला न्हाय. दुसरं टाक."

ती डोळे पुसून परत बसली आहे, मामा. दुसरा पेपर चालू आहे. आता बावन्नाव्या प्रश्नावर आहे, आणि पुढे कसं जायचं हे तिला कुणाला विचारावं लागत नाही.

तुमची
दानू